पहिल्या मत्स्यालयासाठी सोपी झाडं: कोणती निवडायची, कशी लावायची

पहिल्या टाकीत कोणती जिवंत झाडं लावू, असं कुणी विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: अनुबियास घे, जावा फर्न घे, मरत नाहीत. खरं आहे, मरत नाहीत. पण नवी टाकी फक्त त्यांच्या भरवशावर सोडली, तर काही आठवड्यांत काचेवर, दगडांवर आणि त्याच अनुबियासच्या पानांवर शेवाळ चढतं. मग माणूस वैतागून प्लास्टिकच्या झाडांकडे वळतो. ही झाडं सोसतात खूप, पण खातात फार कमी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया निघत असतो, वरून दिवा चालू असतो. एवढं अन्न आणि उजेड समोर असताना कुणीतरी त्यावर वाढणारच. झाडं वाढली नाहीत तर शेवाळ वाढतं.

सोपी झाडं खरं तर दोन स्वभावांची असतात. काही दुर्लक्ष सोसणारी, संथ. काही भराभर वाढून पाण्यातलं अन्न फस्त करणारी. त्यांना पंधरा दिवसांतून एकदा कात्री लावावी लागते, एवढाच त्यांचा त्रास. पहिल्या टाकीत दोन्ही हवीत, आणि सुरुवातीच्या दोन महिन्यांत तर दुसऱ्या स्वभावाची जास्त हवीत. पुढची सगळी निवड मी याच हिशेबानं सांगणार आहे.

झाडांच्या आधी टाकी बघा

दिव्यापासून सुरुवात करा. नवशिक्यांची टाकी उजेड कमी पडून क्वचितच बिघडते. जास्त उजेडानं मात्र हमखास बिघडते. उजेड वाढला की झाडं जास्त वेगानं वाढू पाहतात, त्यासाठी त्यांना जास्त कार्बन डायऑक्साइड आणि जास्त खत लागतं. ते मिळालं नाही की झाडं अडून बसतात आणि शेवाळाचं फावतं. म्हणून ज्यांना सिलिंडर लावून वायू सोडायचा नाही, त्यांनी उजेडच मर्यादित ठेवावा. साधा पांढरा एलईडी दिवा, साधारण ६५०० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगछटेचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं) आसपासचा, या लेखातल्या सगळ्या झाडांना पुरतो. सुरुवातीला रोज ६ तास, पुढे सगळं सुरळीत दिसलं तर ८ तास. यासाठी टायमर घ्याच. आठवणीनं दिवा चालू-बंद करणं कुणालाही जमत नाही, आणि अनियमित उजेड झाडांना सोसत नाही. टाकी थेट ऊन येणाऱ्या खिडकीशी ठेवू नका.

टाकीची उंची ३०–४० सेंटीमीटर असेल तर काही अडचण नाही. ५० सेंटीमीटरच्या पुढे गेलात की तळापर्यंत उजेड बराच कमी पोचतो. अशा टाकीत लाकडावर किंवा दगडावर उंच बांधता येतील अशी झाडं जास्त घ्या.

तळासाठी २ ते ३ मिलिमीटरची खडी किंवा जाड वाळू, मागच्या बाजूला ५–६ सेंटीमीटर आणि पुढे थोडी कमी. काचेच्या गोट्यांत मुळं धरत नाहीत. झाडांसाठी खास बनवलेली माती मिळते, ती चांगलीच असते, पण तिच्यातले काही प्रकार पहिल्या आठवड्यांत पाण्यात अमोनिया सोडतात. नवशिक्याला एका वेळी इतकी चिंता कशाला? साधी खडी आणि मुळांशी खोचायच्या खताच्या गोळ्या, यावर आपलं काम भागतं.

आणि मासे. गोल्डफिश मऊ पानं खातात आणि खडी उकरतात. मोठे सिक्लिड झाडं मुळासकट उपटतात. असे मासे ठेवायचे पक्कं असेल तर तुमची यादी फारच आखूड आहे: दगडाला घट्ट बांधलेली अनुबियास आणि जावा फर्न, बस्स. इथं मात्र शेवाळाला आवर घालायला पाणीच जास्त वेळा बदलावं लागेल. टेट्रा, रासबोरा, गप्पी, कोरिडोरास अशा लहान माशांबरोबर पुढची सगळी झाडं चालतात.

पाण्याबद्दल फार काळजी नको. २२ ते २८ अंश तापमान आणि साधारण ६.५ ते ७.८ पीएच या टप्प्यात ही सगळी झाडं जगतात. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवणारं औषध वापरा, ते माशांसाठी तसंही लागतंच.

बांधायची झाडं

अनुबियास मूळची आफ्रिकेतली, ओढ्याकाठच्या ओल्या जागी वाढणारी. तिचं खोड आडवं आणि आल्याच्या गाठीसारखं जाड असतं. वरून पानं, खालून मुळं. हे खोड खडीत पुरलं की कुजतं. नवशिक्यांच्या हातून अनुबियास मेली तर बहुतेक वेळा याच कारणानं मरते. मुळं खडीत गेली तर चालतील, खोड उघडं राहिलं पाहिजे. त्यापेक्षा ती लाकडाला किंवा खडबडीत दगडाला सुती दोऱ्यानं बांधा. दोरा कुजून जाईपर्यंत मुळांनी पकड घेतलेली असते. दोऱ्याचा कंटाळा असेल तर सायनोअॅक्रिलेटचा, म्हणजे सुपरग्लूचा, जेलसारखा घट्ट गोंद चालतो. एक थेंब, काही सेकंद दाबून धरायचं, की झालं. लहान टाकीला ‘नाना’ ही बुटकी जात बरी. पानं संथपणे येतात आणि वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे त्यांच्यावर शेवाळ जमायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून अनुबियास दिव्याच्या थेट खाली नको, लाकडाच्या आडोशाला किंवा उंच झाडांच्या सावलीत ठेवा.

जावा फर्नचंही तसंच: आडवं खोड, पुरायचं नाही, बांधायचं. तिच्या पानांच्या मागच्या बाजूला काळे-तपकिरी ठिपके ओळीनं दिसायला लागले की लोक घाबरून पानं कापतात. ते बीजाणूंचे पुंजके असतात, रोग नव्हे. जुन्या पानांच्या टोकाला चिमुकली रोपं फुटतात, खाली तपकिरी मुळांचा झुपका लोंबतो. ती रोपं दोन-तीन पानांची झाली की अलगद तोडून दुसरीकडे बांधा. फुकटची झाडं यापेक्षा सोप्या रीतीनं मिळत नाहीत.

जावा मॉस पातळ थरात दगडावर पसरून दोऱ्यानं गुंडाळा. जाड गोळा बांधला तर आतला भाग उजेडाअभावी तपकिरी होऊन सुटतो. कोळंबी किंवा माशांची पिल्लं ठेवायची असतील तर मॉस हवंच. नाहीतर पहिल्या टाकीत मी ते टाळीन, कारण त्यात धागेरी शेवाळ शिरलं की वेगळं काढणं जवळपास अशक्य.

मुळांनी खाणारी झाडं

यात माझी पहिली पसंती क्रिप्टोकोरिन वेंड्टी. मूळची श्रीलंकेतली, हिरव्या, तपकिरी, तांबूस छटांत मिळणारी, मधल्या जागेसाठी अगदी योग्य उंचीची. कमी उजेडात नीट वाढते. तिची एकच वाईट सवय आहे: जागा बदलली, पाणी बदललं, उजेड बदलला की तिची पानं वितळतात. अक्षरशः लगदा होतो. अशा वेळी झाड मेलं समजून उपटू नका. सडलेली पानं काढून टाका आणि मुळांना हात लावू नका. तीन-चार आठवड्यांत त्याच जागी नवी पानं येतात, आणि ती तुमच्या टाकीच्या पाण्याला सरावलेली असतात. म्हणूनच क्रिप्टची जागा पहिल्याच दिवशी नीट ठरवायची आणि नंतर हलवायची नाही.

मागच्या बाजूला वॅलिस्नेरिया. लांब फितीसारखी पानं पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत जाऊन वळतात. खडीतून आडवे धुमारे सोडते आणि प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाला नवं रोप. पहिले काही आठवडे ढिम्म बसते, मग अचानक पसरायला लागते. कठीण, क्षारयुक्त पाणी तिला मानवतं. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्यांनी तर तिच्यापासूनच सुरुवात करावी. लावताना पांढरट खोडाची बैठक खडीच्या वर राहू द्या, नाहीतर तीही कुजते.

अॅमेझॉन सोर्ड दुकानात फार देखणं दिसतं. पण ते चांगलं जगलं की ४०–५० सेंटीमीटरचं होतं आणि त्याच्या मुळांना भूक प्रचंड असते. १०० लिटरच्या खालच्या टाकीत घेऊ नका.

काडीची झाडं

पहिल्या टाकीतलं खरं काम ही उभ्या काडीवर पानं येणारी, भराभर वाढणारी झाडं करतात. पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट ती पानांतून थेट शोषतात.

वॉटर विस्टेरिया, म्हणजे हायग्रोफिला डिफॉर्मिस, मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. पाण्याबाहेर वाढलेली त्याची पानं अखंड, रुंद असतात. पाण्याखाली आल्यावर नवी पानं बारीक चिरलेली, नक्षीदार येतात. त्यामुळे आणलेली पानं गळाली आणि भलतीच दिसणारी पानं फुटली तर दुकानदारानं फसवलं असं समजू नका. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा याहून दणकट, साध्या लांबट पानांचं. लिम्नोफिला सेसिलिफ्लोरा पिसांसारखं नाजूक दिसतं, पण नाजूक अजिबात नाही; उजेड कमी असेल तर मात्र दोन पेरांमधलं अंतर वाढून जरा उघडंबोडकं दिसतं.

हॉर्नवर्टला खरी मुळंच नसतात. तळाशी खोचा किंवा नुसतं तरंगत सोडा, वाढतंच. नव्या टाकीत पहिले दोन महिने ते ठेवण्यासारखं दुसरं काही नाही. वातावरण बदललं की सुईसारखी पानं झाडतं आणि ती फिल्टरच्या जाळीत अडकतात, हा त्याचा उपद्रव. टाकी स्थिरावली की काढून टाकायला हरकत नाही.

तरंगणारी झाडं

यांना उजेड सगळ्यांत आधी मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड थेट हवेतून मिळतो, त्यामुळे अन्न शोषण्यात यांचा हात कुणी धरत नाही. साल्विनिया किंवा फ्रॉगबिट घ्या. फिल्टरच्या धारेखाली पानं बुडत राहिली की कुजतात, म्हणून धार मंद ठेवा किंवा एक कोपरा नळीच्या कड्यानं वेगळा करा. पृष्ठभागाचा एक तृतीयांश भाग व्यापला की जादाची काढून टाका. नाहीतर खालची झाडं अंधारात जातात. डकवीड मात्र जाणूनबुजून आणू नका. एकदा टाकीत आलं की त्याचं एक इवलं पान कुठेतरी उरतं, आणि पंधरवड्यात पुन्हा सगळीकडे तेच.

काय घेऊ नये

दुकानांच्या टाक्यांत पाण्याखाली ठेवलेलं प्रत्येक झाड पाण्यातलं नसतं. लकी बांबू, सिंगोनियम, फिटोनिया, पीस लिली, मोंडो ग्रास, जांभळ्या पानांचं हेमिग्राफिस ही सगळी जमिनीवरची झाडं. पूर्ण बुडवली की काही आठवडे ताजी दिसतात, मग आतून सडतात आणि पाणी नासवतात. ओळखायची एक खूण: झाड पाण्याबाहेर काढल्यावर ताठ उभं राहिलं, पानं जाड आणि मेणचट लागली, तर शंका घ्या. ही खूण पक्की नाही, कारण अनुबियासही ताठच असते, आणि खरी पाणवनस्पतीही रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असू शकते. म्हणून नाव विचारा. ज्याचं नाव विक्रेत्याला सांगता येत नाही ते झाड घेऊ नका.

गर्द लाल रंगाची झाडं आणि तळावर गालिचा करणारी बारीक झाडं पुढच्या टाकीसाठी राखून ठेवा. बहुतेकांना तीव्र उजेड आणि वेगळा सोडलेला कार्बन डायऑक्साइड लागतो. मारिमो नावाचा हिरवा मखमली चेंडू मिळतो, तो ठेवायला सोपा आहे. पण तो एक प्रकारचं शेवाळच आहे आणि इतका संथ वाढतो की टाकीच्या स्वच्छतेत त्याचा काही हातभार नाही.

निवडताना आणि घरी आणल्यावर

पानं किती हिरवी यापेक्षा वाढीचा कोंब बघा. टोकाला नवं, ताजं पान येत असेल तर जुनी पानं फाटकी असली तरी चालेल. आडवं खोड दाबून बघा: टणक हवं, मऊ लागलं आणि वास आला तर नको. पानांच्या कडांना काळी केसाळ लव दिसली तर ते झाड कितीही स्वस्त असो, ठेवून या.

हवाबंद डबीत जेलवर वाढवलेली रोपं मिळतात. त्यांच्यासोबत गोगलगायी किंवा शेवाळ येत नाही, हा मोठा फायदा. जेल मात्र पूर्ण धुवायचं. रोपं कोवळी असल्यानं पहिल्या आठवड्यांत जरा जास्त नाजूक वागतात.

घरी आल्यावर जुडीला गुंडाळलेली धातूची पट्टी काढा; तिच्याखाली काड्या चेंगरून कुजतात. कुंडीतलं झाड असेल तर मुळांभोवतीची लोकरीसारखी खनिज भर चिमट्यानं सोडवून काढा. सडकी पानं छाटा, लांब मुळं ३–४ सेंटीमीटर ठेवून कापा, आणि वाहत्या पाण्यात धुऊन पानांच्या मागची अंडी, म्हणजे पारदर्शक चिकट थेंब, पुसून काढा.

शेवाळाची शंका असेल तर अनुबियाससारख्या टणक झाडांना घरगुती ब्लीचचं स्नान देता येतं: वास-रंग न घातलेलं साधं ब्लीच १ भाग, पाणी १९ भाग, जास्तीत जास्त २ मिनिटं. मग भरपूर धुऊन क्लोरीन घालवणारं औषध टाकलेल्या पाण्यात बुडवून ठेवायचं. हातमोजे घाला. मॉस, वॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्टला हे स्नान देऊ नका, ती यात मरतात. टाकीत कोळंबी असेल तर नवी झाडं आठवडाभर वेगळ्या बादलीत, रोज पाणी बदलून ठेवा, कारण रोपवाटिकेत फवारलेलं कीटकनाशक कोळंबीला मारतं.

६० सेंटीमीटर लांबीच्या टाकीसाठी

साधारण ५५–६० लिटरची टाकी धरून माझी यादी अशी: मागे एका बाजूला वॉटर विस्टेरियाच्या १० ते १२ काड्या, दुसऱ्या बाजूला वॅलिस्नेरियाची ५–६ रोपं, मध्ये क्रिप्टच्या ३ कुंड्या, लाकडावर एक अनुबियास आणि एक जावा फर्न, वर मूठभर साल्विनिया. हे सगळं पहिल्याच दिवशी लावा. दर महिन्याला एकेक झाड आणू म्हणणाऱ्यांच्या टाकीत मधल्या काळात शेवाळ घर करतं.

लावताना टाकीत चार बोटंच पाणी ठेवा, खडी ओली राहील एवढं. आधी बांधलेलं लाकूड बसवा, मग क्रिप्ट, मग मागची झाडं. काड्यांची खालची दोन पेरं पानं काढून मोकळी करा आणि एकेक काडी २–३ सेंटीमीटर अंतरावर चिमट्यानं तिरकी खोचा. तिरकी खोचली की वर सुटून येत नाही. अख्खी जुडी एका खड्ड्यात कोंबली तर आतल्या काड्या कुजतात. क्रिप्टच्या शेजारी खताची एक गोळी तळापर्यंत दाबा. पानं सुकू नयेत म्हणून अधूनमधून पाणी शिंपडत राहा. शेवटी खडीवर बशी ठेवून तिच्यावर हळू पाणी ओता.

पहिले सहा आठवडे

पानं गळतील. रोपवाटिकेत हवेत वाढलेली पानं पाण्याखाली टिकत नाहीत, झाड ती सोडून नवी काढतं. गळलेली रोज उचला, कारण सडणारं प्रत्येक पान पुन्हा अमोनियाच सोडतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळ्यावर तपकिरी धुरळ्यासारखा थर येईल, ते डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. बोटानं पुसलं जातं आणि टाकी जुनी झाली की बहुधा आपोआप जातं. त्यावर औषध टाकू नका.

आठवड्यातून एकदा, शक्य तर दोनदा, एक तृतीयांश पाणी बदला. झाडं असली तरी फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि त्यापासून बनणारं, माशांना घातक नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावरच मासे आणा, तेही थोडे थोडे.

खताची घाई नको. नवी पानं यायला लागली की सर्व घटक असलेलं द्रवखत डबीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्यानं आठवड्याला एकदा. पुढे पानं बघून ठरवा. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडून ती पसरत असतील तर पोटॅशियम. झाड ही द्रव्यं जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून खूण खाली दिसते. लोह तसं हलवता येत नाही, म्हणून लोहाची कमतरता वर, नव्या फिकट पानांत दिसते. क्रिप्टच्या मुळाशी दर दोन-तीन महिन्यांनी नवी गोळी. ‘द्रव कार्बन’ म्हणून विकली जाणारी बाटली या टाकीला लागत नाही. अशा बहुतेक बाटल्यांत ग्लुटाराल्डिहाइड असतं आणि त्यानं वॅलिस्नेरिया वितळते.

छाटणी

काड्या पृष्ठभागाला टेकल्या की वरचा निम्मा भाग कापा, तोच खडीत खोचा, आणि खालचा उघडा बुंधा उपटून टाका किंवा नवे फुटवे येण्यासाठी ठेवा. वॅलिस्नेरियाची पानं मधोमध कापली तर टोकं तपकिरी होतात. लांबलेलं पान तळापासून काढा. अनुबियास आणि फर्नची फक्त जुनी, शेवाळलेली पानं खोडालगत कापायची.

कापलेल्या काड्या आणि जादा साल्विनिया ओढ्यात, तळ्यात किंवा गटारात टाकू नका. भारतीय उपखंडातली हायग्रोफिला पॉलिस्पर्मा अमेरिकेत केंद्रीय घातक तणांच्या यादीत जाऊन बसली आहे, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीनं इथल्या नद्यांचं काय केलं ते आपण बघतोच. उन्हात कडकडीत वाळवा, मग कुंडीतल्या मातीत मिसळा.